विधवेच्या घरातला नवरा

पेर्सियो मेला तेव्हा तो ला रोमाना शहरात एका हॉटेलाच्या बांधकामावर सिमेंटच्या विटा वाहत होता आणि त्याची तब्येत ठणठणीत होती. बातमी त्याला कुणी कळवलीही नाही. काम संपलं तसा तो पाठीवर बोचकं आणि हातात बायकोसाठी घेतलेलं निळं पातेलं घेऊन आमच्या माकाओ गावच्या रस्त्याने घरी आला, तर त्याच्याच कुंपणावर एक रंगीत पाटी. 'विधवेचं घर'. त्याला आधी वाटलं, उन्हाने डोकं फिरलं आणि आपण भलत्याच वळणावर वळलो. पण आंबा तोच होता, डुकराचं खोपट तेच होतं आणि दारात उभी होती ती त्याची बायको नेरेइदाही तीच होती. फक्त तिने काळा झगा घातला होता.

"आलास?" ती म्हणाली. "बरं झालं. आधी आत हो, मागच्या खोलीत. बग्ग्या येतायत."

"कोण मेलं?"

"तू. चल, आत हो म्हणते ना. सांगते मग सगळं. आवाज करू नकोस."

आणि तो गेला की आत! हीच तर त्याची चूक झाली. माणसाने निदान उंबऱ्यावर पाय रोवून दोन शब्द विचारावेत. पण चालून चालून पाय भरून आले होते, आतली खाट दिसत होती. पेर्सियो पातेलं पोटाशी धरून खाटेवर बसला आणि त्याच्या घरासमोर एकामागून एक बग्ग्या येऊन थांबू लागल्या. या बग्ग्यांना घोडा नसतो, दारं नसतात, पत्रा नसतो. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, खाली जाड चाकं आणि मागे बोंबलणारं इंजिन. पुंता कानाच्या हॉटेलांत उतरलेल्या लोकांना समुद्रात डुंबून डुंबून कंटाळा आला, की ते तोंडाला फडकी बांधून या पिंजऱ्यांत बसतात आणि आमच्या उसाच्या वाटांवरून, मुद्दाम पाणी सोडून केलेल्या चिखलातून किंचाळत जातात. मग गुहेतल्या गार पाण्यात उड्या, मग एखाद्या गरिबाच्या घरी कॉफी आणि कोको, मग माकाओचा किनारा. गरिबाचं घर म्हणून जे दाखवायचं, ते पेर्सियोचं होतं.

तसं म्हटलं तर पेर्सियोचंही नव्हतं. बापाने ती जागा कसली, वर ताडाच्या फळ्यांचं घर बांधलं, पण कागद करायला तो कुठल्या कचेरीत गेला नाही. आजूबाजूची सगळी जमीन बग्ग्यांच्या सफरी चालवणाऱ्या डॉन उलिसेसने घेतली, त्यात हे घरही गेलं. डॉन म्हणजे आमच्याकडे शेठ, आणि हा शेठ माणूस गोड बोलणारा. "राहा ना," म्हणाला, "कोण काढतंय तुम्हाला? माझ्या पाहुण्यांना कॉफी पाजा, उखळात कोको कुटून दाखवा, हसा जरा. घर मात्र असंच ठेवायचं. फळ्यांचं, झावळ्यांचं. सिमेंट बघायला लोक विमानाने येत नाहीत."

पेर्सियो ला रोमानाला गेला असताना कॅनडाच्या कुणा बाईने विचारलं, या घरात पुरुष दिसत नाही तो? सफरीचा वाटाड्या होता रादामेस. याची जीभ अशी की समोरच्याला हसवायचं की रडवायचं हे बोलता बोलता ठरवतो. त्याने टोपी काढली आणि समुद्राकडे नुसता हात केला. बस्. कॅनडाच्या बाईच्या डोळ्यांत पाणी. तिच्यामागे आणखी चौघींच्या. सगळ्यांनी नेरेइदाला मिठ्या मारल्या, एकीने गळ्यातला रुमाल तिच्या गळ्यात घातला. हॉटेलात परत जाऊन त्यांनी फोनवर काय काय लिहिलं कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यात लोक चिखल आणि गुहा सोडून आधी विधवेचं घर कुठे आहे ते विचारू लागले.

हे ऐकून पेर्सियो पोट धरधरून हसला. खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं. आपल्यासाठी परक्या देशातल्या बाया रडतात, हे किती जणांच्या नशिबी येतं? रादामेस संध्याकाळी रमची बाटली घेऊन आला तेव्हा तर पेर्सियोने स्वतःच बसून आपलं मरण सजवलं.

"नुसता बुडालो म्हणू नकोस," तो म्हणाला. "पिऊन बुडाला म्हणतील."

"मग काय म्हणू?"

"वादळ होतं म्हण. होडी उलटली म्हण. दोन पोरं बुडत होती, त्यांना वाचवायला गेला."

"तुला पोहायला कुठे येतं?"

"आता येऊन काय करायचंय? मेलोय ना मी!"

तिघेही हसले. तेव्हापासून पेर्सियो जो मेला तो मेलाच.

सुरुवातीला मजा वाटली. काम नाही, धाम नाही, खाटेवर पडून राहायचं आणि फळ्यांच्या फटीतून बायकोचं रडणं बघायचं. पण बग्ग्या सकाळी येतात, दुपारी येतात, परत उन्हं उतरताना येतात. वळणावर रादामेसची शिट्टी वाजली की असेल तसं उठायचं. ताटातला भात तसाच राहायचा. एकदा अर्धी दाढी झाली होती, उरलेली अर्धी चेहऱ्यावर घेऊन तो आत गेला आणि त्या दिवशी गाड्यांची रीघच लागली, तेव्हा दिवसभर तसाच बसला. खोलीला खिडकी एकच, तीही बाहेरून शाकारलेली. चुलीचा धूर, कोकोच्या पोत्यांचा आंबूस वास आणि बग्ग्यांची धूळ, सगळं त्या खोलीत येऊन बसायचं. धुळीने त्याला शिंका यायच्या. एकदा ऐन रडण्याच्या जागी तो असा शिंकला की भांडी वाजली. रादामेसने पापणी न लवता सांगितलं, ते मयताचं लाडकं डुक्कर, अजून धन्याची वाट बघतं. लोकांनी डुकरासाठीही डोळे पुसले.

मग एकदा पेर्सियोला बाहेर जायची घाई झाली. कोण किती वेळ दाबून धरणार? तो मागच्या बाजूने निघाला आणि आंब्याखाली फोटो काढणाऱ्या एका पोरीने विजार सावरतानाचा त्याचा फोटो काढला. 'विधवेच्या घरात शिरलेला संशयित माणूस' म्हणून तो जगभर फिरला. डॉन उलिसेस आला, रागावला नाही, फक्त सुताराला घेऊन आला. खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. "तुझ्याच भल्यासाठी," म्हणाला. "विधवेच्या घरात पुरुष दिसला तर लोक वहिनींबद्दल काय बोलतील?"

स्वतःच्या बायकोच्या अब्रूसाठी नवऱ्याला कोंडायचं! पेर्सियोने हे रात्री गावातल्या दुकानात डोमिनो खेळताना सोबत्यांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की सोंगट्या सांडल्या. तिथे त्याला सगळे मयतच म्हणत. "ये मयता, टेक." "मयताला थंड बिअर द्या रे, तिकडे फार ऊन असतं म्हणतात." तोही हसायचा. पण घरी जाताना पावलं जड व्हायची, कारण घराच्या दारात पाटी होती आणि त्या पाटीत तो नव्हता.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने दुकानात सांगितली नाही. नेरेइदा पडवीत उखळाशी बसून मयताबद्दल जे बोलायची, ते ऐकून त्याला मयताचा हेवा वाटायला लागला होता. मयत म्हणे पहाटे उठून तिच्यासाठी पाणी तापवायचा. मयत म्हणे समुद्रावरून येताना शंख आणायचा. मयताने म्हणे उभ्या आयुष्यात आवाज चढवला नाही. रादामेस एकेक वाक्य इंग्रजीत सांगायचा आणि बाया आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या. फळीमागे पेर्सियोचं तोंड कडू व्हायचं. त्याने कधी पाणी तापवलं नव्हतं. मग एक दिवस मनावर घेऊन पहाटे उठला, चूल पेटवली, त्या निळ्या पातेल्यात पाणी तापवलं. नेरेइदा डोळे चोळत आली, पातेल्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"काय हवंय तुला?" ती म्हणाली.

"काही नाही. पाणी तापवलं."

"ताप आलाय का?"

परत काही त्याने पाणी तापवलं नाही.

अशी काही वर्षं गेली आणि अशीच आणखी गेली असती, पण पलीकडच्या सफरवाल्यांनी एक बोलका पोपट आणि दात नसलेली आजी आणली. लोक तिकडे वळायला लागले. डॉन उलिसेसने एक दिवस नेरेइदासमोर खुर्ची टाकली.

"वहिनी, आपण मयताचं वर्षश्राद्ध करू."

आमच्याकडे माणूस गेल्याला वर्ष झालं की त्याचं करतात. पांढऱ्या चादरींच्या पायऱ्यांची वेदी, फुलं, मेणबत्त्या, मधोमध फोटो, लांबुळके ढोल, आणि प्रार्थना म्हणणारी बाई. ते वर्षातून एकदाच असतं.

"कधी?" नेरेइदाने विचारलं.

"दर शनिवारी."

नेरेइदा हसली. डॉन उलिसेस हसला नाही. त्याने सगळं ठरवूनच आणलं होतं. बाहेरगावचे ढोलवाले सांगितले होते, चादरी आणल्या होत्या. प्रार्थनेला इग्वेई गावाहून दोन्या फ्रेदेसविंदा, म्हणजे फ्रेदेसविंदाबाई, येणार होत्या. ही बाई नाटकातली नव्हे. खरोखरीची. तिने इतक्या जणांना पोचवलंय की लोक रस्त्यात तिला बघून छातीवर क्रूस काढतात. तिला सांगितलं होतं की माकाओला एक गरीब विधवा आहे, नवरा दर्यात गेला, प्रेतही मिळालं नाही. तिने एकच अट घातली होती. खोट्या नावावर मी म्हणणार नाही. मयताचं खरं नाव विधवेने स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि त्याचाच फोटो ठेवायचा. भलतं नाव घेऊन हाक मारली तर भलताच कुणीतरी येऊन बसतो.

आत्तापर्यंत मयताचं नाव रादामेसने चागो ठेवलेलं होतं. चागो कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याच्या मरण्याने कुणाचं बिघडत नव्हतं.

"आणि नाही सांगितलं तर?" नेरेइदाने विचारलं.

"वहिनी," डॉन उलिसेस गोड आवाजात म्हणाला, "ज्या घरात विधवा नाही ते घर माझ्या वाटेवर कशाला ठेवायचं?"

पेर्सियो पोत्यांमागे बसून हे ऐकत होता. तो डॉन उलिसेस गेल्यावर बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. तोवर जे चाललं होतं ती थट्टा होती. हे वेगळं होतं. जिवंत माणसाचं नाव घेऊन, त्याच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून, खऱ्या बाईने खरी प्रार्थना म्हणायची? तिकडे जो कुणी ऐकत असतो, त्याला यातली गंमत कळणार होती का? तो येऊन घेऊन जाईल. पेर्सियोच्या आत्याच्या दिराचं असंच झालं होतं. चुकून त्याच्या नावाने मेणबत्ती लागली आणि पाऊसकाळ संपायच्या आत तो गेला. त्याला साखरेचा आजार होता हे खरं, पण तरीही.

"तू नाव घेणार नाहीस," तो म्हणाला.

नेरेइदा कॉफी भाजत होती. तिने मान वर केली नाही. "फोटो कुठला ठेवायचा ते बघते. मतदानाच्या कार्डावरचा चांगला नाही, चोरासारखा दिसतोस."

"नेरेइदा!"

"ओरडू नकोस. मयत कधी ओरडायचा नाही."

"मयत गेला खड्ड्यात! मी विचारतोय. माझं नाव घेणार की नाही?"

तिने डाव खाली ठेवला. "आणि नाही घेतलं तर कुठे जायचं, सांग. तुझ्या बहिणीकडे? तिच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. परत विटा वाहायला जाशील? या पाठीने?" मग जरा थांबून म्हणाली, "तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटेन. म्हातारीला कमी ऐकू येत असेल."

"माझी शपथ घे."

"मेलेल्याची शपथ चालत नाही," नेरेइदा म्हणाली आणि स्वतःच फिसकन हसली. पेर्सियो हसला नाही. तिने शपथ घेतली नाही ती नाहीच.

शनिवारी सकाळपासून अंगण झाडून झालं होतं. वेदी मांडायला सोयीची म्हणून पडवीत, मागच्या खोलीच्या भिंतीलाच लावली होती, त्यामुळे पेर्सियो आपल्याच वेदीच्या पाठीला पाठ लावून बसणार होता. फोटो लग्नातला होता. नेरेइदाला त्यातून कापून काढलं होतं, पण तिचा हात तेवढा त्याच्या खांद्यावर राहिला होता. वळणावर शिट्टी वाजली. पेर्सियो आत गेला. बाहेरून कडी पडली. कडी कुणी घातली, नेरेइदाने की रादामेसने, ते त्याला दिसलं नाही आणि दिवसभर तेवढंच त्याला टोचत राहिलं.

बग्ग्या आल्या, धूळ आली. फटीतून त्याला चिखलाने माखलेले गुडघे, गळ्यात लटकलेले चष्मे, लाल झालेल्या माना दिसत होत्या. रादामेस सुरू झाला. वादळ, होडी, दोन पोरं. पेर्सियोला ते इंग्रजी पाठ झालं होतं, इतकी वर्षं भिंतीला कान लावून तो तेवढं शिकला होता. कुठे आवाज कापरा होतो, कुठे टोपी निघते, सगळं त्याला माहीत होतं. कुणीतरी नाक शिंकरलं.

मग दोन्या फ्रेदेसविंदांचा आवाज आला आणि पेर्सियोच्या मानेवरचे केस उभे राहिले. त्या आवाजात नाटक नव्हतं. बाई लहानखुरी, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यांनी देवमातेची प्रार्थना म्हटली, सगळ्या संतांना एकेक करून बोलावलं. ढोल हळू वाजत होते. चादरीतून मेणबत्तीचा उजेड फटीत येत होता आणि मेणाचा वास त्याच्या नाकात शिरत होता. आपल्या नावाची मेणबत्ती. त्याने नाक दाबून धरलं. आता शिंकून चालणार नव्हतं.

"बाई," दोन्या फ्रेदेसविंदा म्हणाल्या, "कुणाच्या आत्म्यासाठी मागायचं?"

ढोल थांबले. पेर्सियोने डोळा फटीला लावला, पण मध्ये चादर होती. त्याला दिसत होते ते फक्त डॉन उलिसेसचे बूट, अंगणाच्या कडेला, एकावर एक ठेवलेले.

"लाजू नका, बाई. नाव सांगा. त्याला ऐकू जाऊ दे."

नेरेइदा पुटपुटली. काय पुटपुटली ते कळलं नाही.

"मोठ्याने," दोन्या फ्रेदेसविंदा म्हणाल्या. म्हातारीला कमी ऐकू येत होतं खरं, पण म्हणूनच ती सोडणार नव्हती. "इतक्या वर्षांचा नवरा ना तुमचा? मग तोंड भरून नाव घ्या."

घाम डोळ्यांत उतरत होता. त्याला वाटलं ओरडावं, पण तोंडातून आवाज फुटेना. घेईल, त्याला वाटलं. घर आहे, चूल आहे, आंबा आहे. घेईल ती नाव. आपण तिच्या जागी असतो तर घेतलं असतं. हे मनात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

बाहेर नेरेइदाने मोठा श्वास घेतला.

"पेर्सियो!" ती किंचाळली. "ए पेर्सियो! मेलास की काय आत? कॉफी उतू चाललीय इकडे, बाहेर ये आणि कप घेऊन ये!"

असं तिने लग्नानंतर रोज ओरडून बोलावलं होतं, आणि विधवा झाल्यापासून एकदाही नाही. पेर्सियो उठून दारावर धडकला. कडी. बाहेरून कडी होती. "आलो!" तो ओरडला. "अगं कडी काढ! आलो, कडी काढ!" त्याने दोन्ही मुठींनी दार बडवलं. ढोलवाल्यांनी ऐकलं ते एवढंच, की विधवेने मयताला हाक मारली आणि आतून ठोके आले. हे त्यांच्या कामात कधीमधी होतं आणि असं झालं की काय करायचं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी ढोल जीव तोडून वाजवायला सुरुवात केली. आता पेर्सियोने छप्पर डोक्यावर घेतलं असतं तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. "उघडा रे!" बाहेरून नेरेइदा ओरडत होती, मध्येच तिला अडवणारा रादामेसचा आवाज, "वहिनी, वहिनी, जरा थांबा ना." खोली कधी नव्हे इतकी लहान झाली.

मग त्याला फळी आठवली. भिंतीच्या बुडाची, बापाने घाईघाईत एकाच खिळ्यावर सोडलेली. पेर्सियोने खाली बसून दोन्ही पायांनी लाथ घातली. फळी गेली. तो पालथा पडून डोकं, खांदे असा सरपटत बाहेर निघाला, पण बाहेर म्हणजे कुठे? थेट वेदीखाली. चादर डोक्यावर, फुलं पाठीवर, एक मेणबत्ती घरंगळत अंगणात. आपल्याच फोटोखालून तो चार पायांवर बाहेर आला.

ढोल बंद पडले. एका मोठ्या पाहुण्या बाईने किंकाळी फोडली, आणि मग सगळ्या अंगणाने टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या, टाळ्या, फोन वर.

नेरेइदाने त्याच्या डोक्यावरची चादर ओढून काढली. "हा माझा नवरा," ती सगळ्यांना सांगू लागली. "पेर्सियो. हा मेलेला नाही. कधीच नव्हता मेला. आम्ही खोटं बोललो. याला पोहतासुद्धा येत नाही! आणि पाणीबिणी काही तापवत नाही हा!"

पाहुणे रादामेसकडे वळले. रादामेसने डॉन उलिसेसकडे बघितलं. मग टोपी छातीशी धरली आणि इंग्रजीत बोलला. पेर्सियोला त्यातला एक शब्द स्वच्छ कळला. ब्रदर. मयताचा जुळा भाऊ, दरवर्षी या दिवशी येतो, हुबेहूब तसाच दिसतो, बिचारीला भास होतो. अंगणात हळहळ पसरली.

"नो ब्रदर!" पेर्सियो ओरडला. "हजबंड! मी! नो डेड!"

आता तर लोक हसून हसून वाकले. काय नट आहे! एका बाईने येऊन त्याच्या मातकट गालाचा मुका घेतला आणि नवऱ्याला फोटो काढायला सांगितलं. पेर्सियो तिच्या कवेत उभा राहून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. तो अंगणात होता, उन्हात होता, आपलं नाव आपल्या तोंडाने सांगत होता, आणि तरी कुणाला तो दिसत नव्हता. खोलीत निदान फट तरी होती.

विश्वास बसला तो एकट्या दोन्या फ्रेदेसविंदांचा. त्या जवळ आल्या, त्याच्या छातीवर तळवा ठेवला, नाकाखाली बोट धरून श्वास पाहिला. मग नेरेइदाकडे, मग डॉन उलिसेसकडे अशा काही नजरेने बघितलं की डॉन उलिसेसचे बूट दोन पावलं मागे सरले.

"मेणबत्ती तूच विझव," त्या पेर्सियोला म्हणाल्या. "फुंकू नकोस. चिमटीत धर. अजून तुझ्या हातात आहे तोवर."

त्याने थुंकी लावून चिमटीत वात धरली. चटका बसला. बाई जपमाळ पिशवीत टाकून कुणाशी न बोलता रस्त्याला लागल्या. त्या गेल्या तेव्हाही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बग्ग्या किनाऱ्याकडे गेल्या. डॉन उलिसेस मात्र थांबला. पेर्सियोला वाटलं, आता घर रिकामं करायला सांगणार. पेर्सियो अंगणातल्या खुर्चीत बसला होता, कित्येक वर्षांनंतर दिवसाउजेडी पहिल्यांदा. डॉन उलिसेसने वेदीखाली वाकून पाहिलं, भिंतीतलं भोक पाहिलं, फळी पायाने हलवून पाहिली.

"हे," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, "हे असंच. दर शनिवारी. प्रार्थनेला दुसरी बाई बघतो. फळीला खिळा मारू नकोस, सैलच असू दे. आणि वहिनी, ते कॉफी उतू चाललीय, ते फार छान होतं."

त्याने पेर्सियोच्या खांद्यावर थोपटलं आणि गाडीत बसून गेला.

नेरेइदा पायरीवर बसली. वेदीवरचा फोटो तिने मांडीवर घेतला होता. खोपटात डुक्कर गुरगुरत होतं.

"घेतलं असतंस का नाव?" पेर्सियोने विचारलं. "खरं सांग."

"ओठांवर आलं होतं," नेरेइदा म्हणाली. "मग तेवढ्यात तुझा श्वास कोंडल्याचा आवाज आला मला, भिंतीतून. तू शिंक दाबत होतास. मी म्हटलं, मेलेला कशाला शिंक दाबेल?"

तिने पदराने डोळे पुसावेत तसे झग्याच्या बाहीने पुसले. पेर्सियोला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मयत असता तर बोलला असता. तो शब्द शोधत होता, तेवढ्यात वळणावर शिट्टी वाजली. पुढची तुकडी.

आणि पेर्सियो उठला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं. पायच उठले. अंगण ओलांडून, पडवी ओलांडून तो मागच्या खोलीत गेला, दार ओढून घेतलं आणि खाटेवर बसला. बसल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. त्याने दाराकडे बघितलं. उठावंसं वाटत होतं, पण अंग हलेना. बाहेर इंजिनं जवळ येत होती. तो कडी पडण्याची वाट बघू लागला.

दार उघडलं. नेरेइदा दारात उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं, रागावली नाही, हसली नाही. आत आली, दार लोटलं आणि त्याला आतून कडी नव्हती म्हणून कोकोचं पोतं ओढून दाराला लावलं. काळा झगा गुडघ्यांवर ओढून ती खाटेजवळ आली.

बाहेर धूळ आली, बग्ग्या आल्या. "वहिनी!" रादामेस पडवीतून हाक मारत होता. "ओ वहिनी! पाहुणे आलेत! कुठे गेलात?"

"काय सांगेल तो त्यांना?" पेर्सियो कुजबुजला.

"सांगू दे, ती पण गेली म्हणून," नेरेइदा म्हणाली. "सरक जरा."